गाडी बघण्याआधी तिची काच शोधा

वाचक भगिनीचं पत्र:

‘घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात. बसक्या गाडीत शिरताना आणि उतरताना त्यांना फार त्रास होतो, म्हणून उंच गाडी हवी आहे. नवी परवडणार नाही. सहा वर्षांची, एकाच मालकाने वापरलेली, ७८,००० किलोमीटर चाललेली एक डिझेल एसयूव्ही पाहिली आहे. कंपनीचं नाव आमच्या ओळखीत कुणी ऐकलेलंही नाही, पण किंमत तेवढ्याच वयाच्या नावाजलेल्या गाडीच्या जवळपास निम्मी आहे. नवरा म्हणतो, गाडी टकाटक आहे, घेऊन टाकू. भाऊ म्हणतो, आत्ता स्वस्त घेशील आणि विकताना रडशील. रोजचा वापर म्हणजे मुलांची शाळा आणि माझं ऑफिस, जायला सहा किलोमीटर, यायला सहा. महिन्यातून एखादा लांबचा प्रवास. विकणारा म्हणतोय, शनिवारपर्यंत इसार द्या, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. काय करू?’

ताई, आधी तो शनिवार डोक्यातून काढून टाका. ज्या गाडीचं नाव कुणी ऐकलेलं नाही, तिच्यासाठी गिऱ्हाइकांची रांग लागत नाही. रांग लागत नाही म्हणूनच ती निम्म्या किमतीत मिळते आहे. दुसरं गिऱ्हाईक खरंच असेल आणि त्याने ती नेली, तर नेऊ दे. अशी गाडी पुन्हा मिळते. घाईत दिलेला इसार परत मिळणं मात्र फार अवघड. तुम्ही पत्रात गाडीचं नाव लिहिलं आहे, ते मी इथे देत नाही, कारण मला जे सांगायचं आहे ते अशा प्रत्येक गाडीला लागू आहे.

अनोळखी कंपनीची जुनी गाडी स्वस्त मिळते त्यामागे लोकांच्या मनात दोन भीती असतात, आणि बहुतेक जण त्यांची गल्लत करतात. पहिली भीती अशी की गाडीच वाईट असेल. दुसरी अशी की गाडी चांगली असेल, पण बिघडली तर दुरुस्त कोण करणार आणि सामान कुठून आणणार. पहिल्या भीतीचं उत्तर एक चांगला मेकॅनिक एका सकाळीत देऊ शकतो. दुसरीचं उत्तर गाडीकडे कितीही वेळ बघत बसलात तरी मिळणार नाही. गाडी चकचकीत आहे, इंजिन एका झटक्यात सुरू होतं, एसी गार लागतो, यातलं काहीही त्या दुसऱ्या भीतीबद्दल सांगत नाही. तुमच्या मिस्टरांनी पहिला प्रश्न पाहिला, भावाने दुसऱ्याचा वास घेतला. माझं म्हणणं एवढंच की दुसरा प्रश्न आधी सोडवा. तो सुटला नाही तर पहिला सोडवण्याची तसदीच घेऊ नका.

हे मी अनुभवाने लिहिते आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी अशीच एक गाडी घेतली होती. इंजिन उत्तम होतं. दोन वर्षं एक पैशाचं काम निघालं नाही. मग एके दिवशी पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यावर बसला. मुगाच्या दाण्याएवढी खूण पडली होती. रात्री थंडी पडली आणि सकाळी पाहते तो त्या खुणेपासून एक बारीक रेघ निघून थेट स्टिअरिंगच्या समोरपर्यंत आली होती. काचवाल्याने टेप लावून माप घेतलं, चार ठिकाणी फोन केले आणि मान हलवली. दुसऱ्या कुठल्याही गाडीची काच तिथे बसत नव्हती आणि आयात करणाऱ्याकडे शिल्लक नव्हती. शेवटी भंगारात निघालेल्या तशाच एका गाडीची काच सापडली. ती तारेने गोंद कापून काढताना कारागिराच्या हातातच तडकली. दुसरी मिळेपर्यंत गाडी चौदा आठवडे ताडपत्रीखाली उभी होती. तेवढ्या काळात बॅटरी संपली आणि ब्रेकच्या डिस्कवर गंज चढला. इंजिन तेव्हाही उत्तमच होतं. ते चौदा आठवडे मी रोज दुसऱ्याच्या गाडीत लिफ्ट मागत होते, आणि त्या काळात एकदा तातडीने दवाखान्यात जायची वेळ आली तेव्हा दारात गाडी असून उपयोग नव्हता. घरात वय झालेलं माणूस आहे म्हणून तुम्हाला हे मुद्दाम सांगते.

तेव्हापासून मला कुणी असा प्रश्न विचारला की मी सांगते, गाडी बघायला जाण्याआधी तिची काच शोधा.

काचच का, इंजिन का नाही? कारण इंजिन पुष्कळदा उसनं असतं. छोट्या कंपन्यांना स्वतःचं इंजिन घडवणं परवडत नाही, त्या मोठ्या कंपनीकडून ते विकत घेतात किंवा परवाना घेऊन बनवतात. कोरियाच्या सँगयोंग कंपनीच्या मुसो आणि कोरांडो या गाड्यांत मर्सिडीज-बेंझच्या घराण्यातली डिझेल इंजिनं होती. चीनच्या ग्रेट वॉलची हॉवर एसयूव्ही मित्सुबिशीच्या २.४ लिटर पेट्रोल इंजिनावर चालायची. काही वेळा तर अख्खी गाडीच दुसऱ्या नावाने रस्त्यावर असते. रोमेनियाची डाचिया कंपनी रेनोने १९९९ मध्ये घेतली. २०१० मध्ये आलेली डाचियाची डस्टर कितीतरी देशांत रेनोच्या नावाने विकली गेली आणि काही ठिकाणी थोडा चेहरा बदलून निसान टेरानो म्हणून. दायहात्सुची टेरिओस ज्यांना माहीत नाही, त्यांनी तीच गाडी टोयोटा रश म्हणून पाहिलेली असते. तेव्हा तुमच्या गाडीचं कूळ आधी काढा. इंजिनाचा कोड काय आहे आणि तेच इंजिन आणखी कोणत्या गाड्यांत आहे, हे जाणता मेकॅनिक सांगतो, इंटरनेटवरही सापडतं. भावंडं निघाली तर फिल्टर, बेल्ट, वॉटर पंप, क्लच, इंजेक्टर यांची चिंता निम्म्याने कमी झाली म्हणून समजा.

पण चेहरा त्या गाडीचा एकटीचा असतो. समोरची काच, हेडलाइट, बंपर, बाहेरचे आरसे, दाराची हँडलं, डॅशबोर्डमागची वायरिंग आणि इंजिनाचा कॉम्प्युटर हे कुणाकडून उसनं मिळत नाही. छोट्या अपघातात नेमकं हेच फुटतं.

म्हणून गाडीचा चेसिस नंबर मागून घ्या. हल्लीच्या गाड्यांवर तो १७ अक्षरांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, म्हणजे शून्य आणि एक या आकड्यांशी घोटाळा होत नाही. तो नंबर हातात घेऊन फोन करा. एक कंपनीच्या किंवा आयातदाराच्या सुट्या भागांच्या विभागाला, एक बाजारातल्या मोठ्या स्पेअर पार्टवाल्याला आणि एक जुन्या गाड्या तोडून सामान विकणाऱ्याला. तिघांकडे समोरची काच, डावा हेडलाइट, चालकाच्या बाजूचा आरसा आणि पुढच्या चाकाचा एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) सेन्सर यांची चौकशी करा. ‘मिळेल की’ हे उत्तर धरू नका. आज दुकानात आहे का, नसेल तर किती दिवसांत येईल, आगाऊ पैसे भरावे लागतील का, आणि याआधी शेवटचं कधी मागवलं होतं, असं विचारा. या शेवटच्या प्रश्नावर खरं काय ते कळतं. ‘गेल्याच महिन्यात एक मागवला होता’ असं सहज ऐकू आलं तर तो पुरवठा जिवंत आहे. पलीकडे शांतता पसरली तर तीही उत्तरच आहे.

कंपनी अजून चालू आहे का हेही बघा, मात्र केवळ त्यावरून निर्णय घेऊ नका. स्वीडनची साब २०११ मध्ये दिवाळखोरीत गेली, पण तिच्या सुट्या भागांचा व्यवसाय वेगळ्या कंपनीत होता आणि तो पुढेही चालू राहिला. सँगयोंगने २०११ मध्ये महिंद्राकडे मालकी गेलेली पाहिली, २०२० च्या अखेरीस पुन्हा कोर्टाच्या दारात उभी राहिली, मग केजी समूहाने ती घेतली आणि २०२३ मध्ये तिचं नावच केजी मोबिलिटी झालं. एवढ्या उलथापालथीतही तिच्या गाड्या बनत राहिल्या. उलट कंपनी ठणठणीत असते, पण तुमच्या देशातून गाशा गुंडाळून गेलेली असते, तेव्हा मालकाला त्या ठणठणीतपणाचा काही उपयोग नसतो. कंपनी कुठेतरी जगते आहे याला अर्थ नाही, तिचं सामान तुमच्यापर्यंत किती दिवसांत पोहोचतं याला आहे.

एक काम फोनने होणार नाही, पण कराच. तीच गाडी चालवणारे दोन-तीन मालक गाठा. पार्किंगमध्ये दिसली तर थांबून बोला, समाजमाध्यमांवर असे गट असतात तिथे विचारा. ‘गाडी कशी आहे?’ असं विचारू नका. स्वतःच्या निवडीला कुणी नावं ठेवत नाही. विचारा, ‘गेल्या वर्षभरात गाडी किती दिवस गॅरेजमध्ये उभी होती?’ आणि ‘कुणाकडे दुरुस्त करता?’ तीन मालकांनी एकाच मेकॅनिकचं नाव घेतलं तर त्या मेकॅनिकला भेटल्याशिवाय पुढे जाऊ नका. ही गाडी उघडून पाहिलेला माणूस तोच.

त्याला विचारा, त्याच्याकडचा स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून बिघाड वाचणारं यंत्र, या गाडीचं काय काय वाचतो. साधा स्कॅनर बहुतेक गाड्यांच्या इंजिनाचे बिघाड वाचतो. एबीएस, एअरबॅग, किल्ली ओळखून गाडी सुरू होऊ देणारी यंत्रणा यांच्यासाठी मात्र पुष्कळदा कंपनीचंच सॉफ्टवेअर लागतं. यावरून आठवलं, दुसरी किल्ली हातात घेतल्याशिवाय व्यवहार पुरा करू नका. आजच्या किल्लीत चिप असते. एकच किल्ली असेल आणि ती हरवली, तर नवी किल्ली त्या गाडीशी जोडून देणारं कुणी जवळपास नसेल. नावाजलेल्या गाडीत हा एका दुपारचा वैताग असतो, तुमच्या गाडीत महिना जाऊ शकतो.

आता तुमच्या पत्रातली जी ओळ मला सगळ्यात जास्त खटकली तिच्याकडे येते, आणि तिचा कंपनीच्या नावाशी काही संबंध नाही. रोज सहा किलोमीटर जाणं, सहा येणं, आणि गाडी डिझेल.

सहा वर्षांपूर्वीच्या डिझेल गाडीत धुरातली काजळी पकडणारा फिल्टर असण्याची दाट शक्यता आहे. त्याला डीपीएफ म्हणतात. काजळी साठत गेली की गाडीचा कॉम्प्युटर जादा डिझेल वापरून एक्झॉस्टचं तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास नेतो आणि ती काजळी जाळून टाकतो. त्यासाठी इंजिन पुरतं तापलेलं असावं लागतं आणि मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं सलग चालावं लागतं. सहा किलोमीटरात, तेही शाळेपाशी थांबत, सिग्नलला रेंगाळत, डिझेल इंजिन धड तापतही नाही. जाळायला सुरुवात होते, तेवढ्यात तुम्ही ऑफिसच्या गेटपाशी पोहोचून गाडी बंद करता. असं वारंवार झालं की फिल्टर तुंबतो, गाडीची ताकद जाते आणि जाळण्यासाठी सोडलेलं जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. याची खूण तुम्हाला स्वतःला पाहता येते. डिपस्टिक काढा, पुसा, परत घालून काढा. ऑइल वरच्या खुणेच्याही वर गेलं असेल आणि बोटांत चोळल्यावर पाण्यासारखं पातळ लागून त्याला डिझेलचा वास येत असेल, तर आधीच्या मालकानेही ती तुमच्यासारखीच जवळपास फिरवली आहे.

नवा डीपीएफ नावाजलेल्या गाडीतही महाग असतो. अनोळखी गाडीत तो महाग आणि दुर्मिळ, दोन्ही असू शकतो. कुणी ‘काढून टाकू, कटकटच नको’ असं सुचवलं तर ऐकू नका. बऱ्याच देशांत ते बेकायदा आहे, आणि ती काजळी शेवटी शाळेच्या गेटवर उभ्या असलेल्या मुलांच्याच नाकात जाणार. तुमच्या वापराला पेट्रोल गाडी हवी. हीच गाडी पेट्रोलमध्ये मिळत असेल तर ती शोधा, थोडी जास्त जुनी असली तरी चालेल. डिझेलच घ्यायची ठरली, तर आठवड्यातून एकदा तरी तिला मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास नेण्याची तयारी ठेवा आणि ते डिझेल खर्चात धरा. माझं मन विचाराल तर मी या वापरासाठी ही डिझेल गाडी घेणार नाही, सामान कितीही सहज मिळत असलं तरी.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात, पण हे वगळू नका. स्वस्त गाडीत पैसे कुठे वाचवले ते बाहेरून दिसत नाही. २००५ मध्ये जर्मनीच्या एडीएसी या वाहनचालक संघटनेने लँडविंड नावाची चिनी एसयूव्ही ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळून पाहिली. दिसायला ती भक्कम, उंच, मोठी गाडी होती. चालकाची जागा अशी चेपली की तो वाचण्याची शक्यता जवळपास नव्हती. त्यानंतर चिनी गाड्या खूप सुधारल्या, त्यांतल्या कितीतरींना आज अशा अपघात चाचणीत पाच तारे आहेत. पण उंची आणि वजन म्हणजे सुरक्षा नव्हे, हे त्या चाचणीने दाखवलं ते अजून खरं आहे. तुमच्या मॉडेलची चाचणी झाली आहे का, आणि झाली असेल तर कोणत्या सालच्या आणि किती एअरबॅगच्या गाडीची, हे बघा. एकाच नावाच्या गाडीत महागड्या प्रकाराला सहा एअरबॅग आणि स्वस्त प्रकाराला दोन असू शकतात. कंपनीने दोष दुरुस्त करण्यासाठी गाड्या परत बोलावल्या होत्या का तेही तपासा. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियात ग्रेट वॉल आणि चेरीच्या हजारो गाड्यांच्या इंजिन आणि एक्झॉस्टच्या गॅस्केटमध्ये (जोडांमधल्या पट्ट्यांमध्ये) अ‍ॅस्बेस्टॉस हा फुप्फुसांना घातक पदार्थ सापडला आणि त्या परत बोलावाव्या लागल्या. मालकाला अशी गोष्ट गाडीकडे पाहून कधीच कळली नसती.

इतकं सगळं पार पडलं, काच मिळते, मेकॅनिक आहे, पेट्रोल गाडी सापडली, तर मग गाडी बघायला जा. सकाळी जा, आणि आधीच सांगा की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर तळहात ठेवा. गरम लागलं तर कुणीतरी आधीच सुरू करून ठेवली आहे. कारण विचारा, आणि पटलं नाही तर दुसऱ्या दिवशी परत या. गार इंजिन काही लपवू शकत नाही. सुरू होताना खडखडाट होतो का, धूर कुठल्या रंगाचा येतो ते पाहा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि त्याला गोडसर वास असेल तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, सिलिंडरमध्ये जातंय. कूलंट पाहायला रेडिएटरचं झाकण गार असतानाच उघडायचं, तापल्यावर चुकूनही नाही.

मीटर ७८,००० दाखवत असेल, तर ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगवरचं कातडं आणि चालकाच्या सीटची दाराकडची कड तेवढीच झिजलेली हवी. पेडलचं रबर गुळगुळीत झालंय आणि मीटर कमी दाखवतंय, किंवा जुन्या गाडीत पेडलचं रबर कोरं करकरीत आहे, दोन्ही वेळा प्रश्न विचारा. टायरच्या कडेला चार आकडे असतात. ३२१९ असेल तर तो टायर २०१९ च्या बत्तिसाव्या आठवड्यात बनला. चारही टायर एका कंपनीचे आणि एका वयाचे असतील तर मालक काळजी घेणारा होता. चारही चाकांना ताकद देणाऱ्या, म्हणजे फोर बाय फोर गाडीत हे आणखी महत्त्वाचं, कारण टायर कमीजास्त झिजलेले असले तर त्याचा ताण गिअरच्या यंत्रणेवर येतो. सगळ्या काचांच्या कोपऱ्यातला शिक्का एकाच कंपनीचा आहे का पाहा. एखादीच वेगळी असेल तर ती कधी आणि कशाने फुटली ते विचारा. आणि तुमच्या बाबतीत हेही विचारा की ती कुठून मिळाली!

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. गाडी पुरात बुडाली असेल तर वर सगळं धुऊन-पुसून चकचकीत केलेलं असतं, पण बेल्टच्या आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. स्टेपनी उचलून खालचा खड्डाही पाहा. फोर बाय फोर असेल तर ती यंत्रणा मोकळ्या मातीवर किंवा खडीवर लावून बघा. साध्या पद्धतीच्या फोर बाय फोरमध्ये कोरड्या डांबरी रस्त्यावर वळताना गाडी अडखळते, तो दोष नाही, पण तसं करूही नये.

मेकॅनिकला स्कॅनर लावायला सांगा आणि नुसते ‘बिघाडाचे कोड नाहीत’ यावर समाधान मानू नका. विक्रेत्याने आदल्या रात्री कोड पुसलेले असू शकतात. पुसल्यावर गाडीच्या आतल्या स्वयंचाचण्या पुन्हा पूर्ण व्हायला काही दिवसांचं चालवणं लागतं. त्या ‘अपूर्ण’ दाखवत असतील, तर नुकतंच काहीतरी पुसलं आहे किंवा बॅटरी काढली होती. टायमिंग बेल्ट (इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची वेळ जुळवणारा पट्टा) असेल तर तो कधी बदलला याची पावती मागा. बऱ्याच इंजिनांत तो साठ हजार ते लाख किलोमीटरच्या दरम्यान बदलायचा असतो, आणि चालताना तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. मित्सुबिशीच्या त्या जुन्या २.४ इंजिनात मोठ्या बेल्टशेजारी एक छोटा बेल्टही असतो. पैसे वाचवायला लोक मोठा बदलतात आणि छोटा तसाच ठेवतात. तो तुटून मोठ्यात अडकला की इंजिन गेलं. पावती नसेल तर तो बदललाच नाही असं धरून भाव करा. कागदपत्रांत मालकाचं नाव, चेसिस आणि इंजिन नंबर, आणि कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला, एवढं डोळ्यांनी जुळवून पाहिल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

आता भावाचं म्हणणं. त्याचं अर्धं बरोबर आहे, आणि ते आकड्यांत मांडलं की दिसतं. समजा नावाजलेली गाडी १०० ला मिळते आणि ही ५५ ला. पाच वर्षांनी पहिली ५० ला विकली गेली आणि ही १५ ला. तुमचे पहिलीत ५० गेले, हिच्यात ४०. म्हणजे आज ४५ वाचले असं वाटतंय ते प्रत्यक्षात १० आहेत, आणि एखादं मोठं काम निघालं की तेही संपतात. पण दहा वर्षं वापरून संपवली, तर पहिलीत समजा ८० जातील आणि हिच्यात सगळे ५५. तिथे खरी बचत दिसते. हे आकडे नुसते हिशोबासाठी धरलेत, तुम्ही तुमच्याकडचे भाव घालून बघा. हिशोब सांगतो तो असा की अशी गाडी दोन-चार वर्षांत बदलायची असेल तर घेऊच नका, शेवटपर्यंत वापरायची असेल तर घ्या. विम्याचंही विचारून ठेवा. गाडीची किंमत कमी आणि बंपर-हेडलाइट महाग असले, की मध्यम अपघातातही विमा कंपनी दुरुस्तीऐवजी गाडी निकालात काढते. मग दहा वर्षांचा बेत तिथेच थांबतो.

आणि मिस्टरांना सांगा, सगळं बजेट खरेदीत घालायचं नाही. किमतीचा पाचवा हिस्सा तरी पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा. गाडी घेतल्यावर त्यातूनच ऑइल, फिल्टर, कूलंट, ब्रेकचं तेल, बेल्ट हे सगळं एकदा नव्याने करून घ्या आणि सामान मिळतंय तोवर हेडलाइटचा एक संच आणि ब्रेक पॅडचा एक संच घरात आणून ठेवा. हा पाचवा हिस्सा बाजूला काढल्यावर गाडी परवडत नसेल, तर ती परवडत नाही.

एक गोष्ट राहिली, जिच्यासाठी तुम्ही हे सगळं मांडलं. सासूबाईंना सोबत न्या. गाडी उंच असली की गुडघ्यांना बरं, असं आपण धरून चालतो, पण फार उंच एसयूव्हीत चढायला पाय वर घ्यावा लागतो आणि उतरताना जमीन लांब राहते. दुखऱ्या गुडघ्याला दोन्ही नको असतं. सीटची कड त्यांच्या मांडीच्या उंचीला असावी, म्हणजे नुसतं टेकून वळून बसता येतं. त्यांना मागच्या आणि पुढच्या, दोन्ही सीटवर तीन-तीनदा बसायला-उतरायला सांगा आणि त्या हात कुठे टेकतात ते बघा. छताला हँडल आहे का, दार पुरतं उघडतं का, उंबऱ्यापाशी पाय अडतो का. कदाचित असं लक्षात येईल की त्यांना एसयूव्ही नको, थोडी उंच छताची साधी पेट्रोल गाडी पुरे आहे, आणि तशी नावाजलेल्या कंपनीची जुनी गाडी तुमच्या याच बजेटात बसते. तसं झालं तर मला मनापासून आनंद होईल.

या आठवड्यात फक्त फोन करा. शनिवारी विकणाऱ्याने विचारलं तर सांगा, काचेची चौकशी चालू आहे.